मुळीचा रंग

चुलीवरच्या पातेल्याचं झाकण खडखडलं आणि मगच घरात कुणीतरी हललं.

तोवर सगळे जागे असूनही गप्प पडून होते. काम नसलेल्या सकाळी असंच होतं. उठून करायचं काय, म्हणून माणूस डोळे मिटून पडतो. सुनेनं फडक्यानं झाकण उचललं, पेज ढवळली, चव घेऊन चिमूटभर मीठ टाकलं. उंबऱ्यावर नवरा दाराकडे पाठ करून बसला होता. पाठ इतकी रुंद की बाहेरचा निम्मा उजेड तीच अडवायची. त्याला कामावरची माणसं 'पखाल', म्हणजे पाण्यानं फुगलेली कातडी पिशवी, म्हणत, ते उगीच नव्हे. हातपाय काटकुळे आणि मधे हे पोट. कितीही राबला तरी पोट आपलं जागच्या जागी.

"पेज झाली," ती म्हणाली.

"ठेव. भूक कुठे पळून चाललीय."

तेवढ्यात अंगणात अडत्याची गाडी येऊन थांबली.

पिवळी मुळी हे या घराचं पीक नव्हतं, पण पोट तिच्यावरच चालायचं. डोंगरउतारावर आपसूक उगवणारं काटेरी झुडूप. त्याची मुळं पुरुषांनी पहारीनं उकरायची, बायकांनी घरी आणून सोलायची, तुकडे करून वाळवायची, चाळायची. अडत्या ती कारखान्याला पोचवायचा. हंगामात घरातल्या सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पिवळेधमक होत. उशा पिवळ्या, दाराची कडी पिवळी, पाण्याच्या तांब्यावर पिवळी बोटं. कुणी ते घासत बसत नसे. हंगाम संपला की रंग आपोआप उतरायचा.

अडत्याच्या माणसानं गाडीतून पोती खाली टाकायला सुरुवात केली. त्यांचीच पोती. सुनेनं स्वतः शिवलेली तोंडं तिला लांबूनही ओळखू आली.

"परत?" नवरा उठून उभा राहिला. "अहो, कडक वाळवून दिलीय. मोडून बघा, टाळी वाजवल्यासारखी मोडते."

"मोडून काय बघू? माल चांगलाच आहे. चांगला आहे हाच तर घोळ झालाय." अडत्या गाडीतून उतरला नाही. "कारखान्यात यंत्र आहे, ते कस सांगतं. यंदा पाऊस नाही, तर झाडानं सगळा जीव मुळात ओढून धरलाय. कस कधी नव्हे एवढा भरला. मग त्यांचं पोत्याचं काम अर्ध्या पोत्यातच भागतं ना! माझं गोदाम गळ्यापर्यंत भरलंय. पुढचं बोलावणं आलं की बघू."

सासू आतून आली. तिचं वय मुळी सोलण्यात गेलं होतं. बोटांची पेरं मुळीसारखीच गाठाळ झाली होती. "म्हणजे माल चांगला निघाला म्हणून आमच्या पोटावर पाय?"

"मावशी, मी काय करू? यंत्राशी भांडू?" अडत्यानं खिशातून एक डबी काढून हलवली. आत पिवळ्या गोळ्या खुळखुळल्या. "ही बघा, तुमचीच मुळी. शहरातली माणसं खातात आणि बसून राहतात, मग लिव्हरला चरबी धरते, साखर वाढते. त्यावर हे. मी पण सुरू केलंय."

नातीनं, म्हणजे ठकीनं, हात पुढे केला. अडत्यानं डबी दिली. ठकीनं ती कानाशी धरून खुळखुळ्यासारखी वाजवली. तो खुशीत हसला, डबी परत घेतली, आणि तिच्या पिवळ्या बोटांचे डाग रुमालानं पुसून मग खिशात टाकली. सुनेनं ते पाहिलं. तिनं ठकीला जवळ ओढलं.

गाडी गेल्यावर नवरा पोत्यावर बसला आणि पोटावर हात फिरवत म्हणाला, "लिव्हरला चरबी. म्हणजे माझाच आजार की हा!"

दवाखान्यातल्या डॉक्टरनं त्याला तसंच सांगितलं होतं. बरगडीखाली बोटं खुपसून, पडद्यावर काहीतरी धूसर पाहून. चरबी धरलीय, साखरही आहे. गोळी रोज घ्या, गोड आणि भात कमी करा, चाला. तो घरी येऊन दिवसभर हसत होता. "चाला म्हणे! डोंगर चढतो तो काय बसून चढतो? आणि भात कमी करू? वाढतंय कोण जास्त?" पण गोळी घेत होता, कारण बायको पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहायची.

"अंगणात औषध वाळतंय," सासू पोत्याकडे बघत म्हणाली, "आणि आपण दवाखान्याच्या पायऱ्या झिजवतोय. माझा बाप मुळीचं पाणी प्यायचा. ताप आला, पोट बिघडलं की घोटभर."

"घोटभर ना, आत्याबाई? मग ह्यांना रोज चालेल?"

"शहरातले रोज गिळतात ते चालतं, आणि आपल्याला चालत नाही?"

सुनेलाही ते पटलं. खरं सांगायचं तर तिला ते पटवून घ्यायचं होतं. नुसती पडून राहिलेली पोती बघवत नव्हती. विकली गेली नाहीत तर निदान घरच्या माणसाच्या अंगी लागू देत.

दुसऱ्या दिवसापासून काढा सुरू झाला. चाळणीखाली पडलेला चुरा कारखाना कधीच घेत नसे; तो चाळणाऱ्या बाईचा, असा रिवाज होता. त्या चुऱ्यात सालीचाच भाग जास्त. सासू त्याची एक मूठ पातेल्यात टाकायची. मापाचं काम तिच्या मुठीचं, आणि पारख जिभेची. बोट बुडवून चाटायची, डोळे घट्ट मिटायची आणि म्हणायची, "आता झालं." पाणी उकळायला लागलं की घरभर ओल्या लाकडाचा, कडवट वास सुटायचा.

पहिला घोट घेतल्यावर नवऱ्यानं असं तोंड केलं की ठकी टाळ्या पिटत नाचली. "बाबा माकड! बाबा माकड!"

"कान पिळल्यासारखं होतंय गं," तो म्हणाला. "हे प्यायल्यावर चरबी काय, आतडी पण पळून जातील."

आणि पोट खरंच उतरायला लागलं. आधी पँटची दोरी आवळावी लागली, मग शर्ट लोंबायला लागला. जेवणावरची वासना गेली. पुढ्यातला भात तो ठकीकडे सरकवायचा. त्यालाही सगळे चांगलंच म्हणाले. डॉक्टरनं सांगितलेलंच होतंय की, आपसूक. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय हो, पखाल रिकामी केली वाटतं!" तो शर्ट वर करून दाखवायचा. सुनेला कितीतरी दिवसांनी हसू आलं. डॉक्टरची गोळी तिनं स्वतःच फळीवर मागे सारली. दोन-दोन औषधं कशाला पोटात. आणि काढा गुणाला येतोय म्हटल्यावर ती तो जरा जास्तच आटवू लागली. पातेल्यात निम्मा उरेपर्यंत. काळसर, दाट, काठाला पिवळी कड धरलेला.

मुळीचं काम बंद, म्हणून दोघं कोरड्या तलावातला गाळ काढायच्या कामाला जाऊ लागले. ऊन असं की पाट्या डोक्यावर तापायच्या. गाळ वरून भेगाळलेला, आतून चिवट. कुदळ मारली की खपकन रुतून बसायची आणि निघता निघायची नाही. नवरा खणायचा, ती पाट्या वाहायची. पहिले काही दिवस ठीक गेले. मग तो मधेच थांबू लागला. कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा राहायचा.

"काय होतंय?"

"काही नाही. पोट गेलं ना, तोल जातो. सवय नाही हलकं असायची."

ती हसली आणि पाटी उचलून गेली. परत आली तर तो खाली बसला होता. भोवती माणसं आणि मुकादम. त्याला ओकारी झाली होती; गाळावर पिवळं पाणी सांडलं होतं.

"काय रे पखाल, गळायला लागलास?" मुकादम म्हणाला. बाकीचे हसले. वाईट मनानं नव्हे, उन्हात कुणी पडलं की हसतात तसं. "उठ. बसायचं असेल तर घरी बस. इथे मला खणणारे लागतात."

"जरा पाणी पितो आणि—"

"पाणी घरी पी. उद्यापासून हिला एकटीलाच पाठव."

तो उठला. कुदळ कामावरची होती; ती मुकादमाच्या पायाशी आणून नीट ठेवली, आणि हात कुठे ठेवायचे ते न कळल्यासारखा उभा राहिला. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाला, "ठकीला सांगू नकोस, मला घालवलं म्हणून."

त्यानंतर त्याला खाज सुटली. अंगाला, तळव्यांना, डोक्यात. आधी वाटलं गाळाची. तो दाराच्या चौकटीला पाठ घासत बसायचा. लघवी गडद झाली. त्याचं सासूनं समाधान केलं. "मुळीचा रंग उतरतोय. घाण बाहेर पडतेय."

एका सकाळी सुनेनं अंगणातल्या दगडावर त्याला बसवलं, पाणी तापवलं, साबण घेतला. ठकी बाजूला चिखलाची घरं करत होती.

"खसाखसा घास," तो म्हणाला. "जीव नकोसा झालाय."

तिनं खांदे घासले. बरगड्या बोटांना लागल्या. पाठीवर साबणाचा फेस, त्यावर घासणी. पाणी ओतलं. पाठ पिवळी दिसली. तिनं पुन्हा साबण लावला, पुन्हा घासलं.

"हळू गं, सोलतेस की काय? मी काय मुळी आहे?"

ती थांबली. फेस ओघळून जात होता आणि खाली रंग तसाच होता. हात पिवळे, ते ठीक. मान पिवळी, तेही ठीक, घाम पुसताना लागतं. पण पाठीवर मुळी कधी लागत नाही. पाठीला कधीच मुळीचा हात लागत नाही. आणि मुळीचं काम बंद होऊन किती दिवस झाले. तिच्या स्वतःच्या हातांचा रंग फिकट होऊन नखांच्या कडांना तेवढा उरला होता.

"इकडे बघा."

"बघतोच आहे."

"तसं नाही. उजेडाकडे." तिनं अंगठ्यानं त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. डोळ्याचं पांढरं, पांढरं नव्हतं. कधीपासून नव्हतं कोण जाणे. रोज समोर बसून जेवणारा माणूस. पण या घरात पिवळं काही दिसलं की कुणी दचकत नसे.

"काय दिसलं?"

"साबण गेलाय डोळ्यात," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पुसून घ्या. आपण दवाखान्यात जातोय."

सासू ऐकून भिंतीला टेकली. मग सुनेला चुलीपाशी ओढून नेलं. "कावीळ झाली म्हण. खराब पाण्यानं झाली म्हण. मुळीचं नाव काढू नकोस."

"का, आत्याबाई?"

"मुळीवर जगणारं सगळं गाव आपल्या नावानं खडे फोडेल. आणि म्हणतील सुनेनं नवऱ्याला पाजलं." तिनं उजव्या हाताची मूठ वळली. "आणि मूठ माझी होती गं. माझी. मी आता हा हात घेऊन कुठे जाऊ?"

दुधाच्या गाडीतून ती त्याला घेऊन मोठ्या दवाखान्यात पोचली. तिथे लांबलचक खोलीत ओळीनं खाटा. डॉक्टरीण तरुण होती, डोळ्यांखाली काळं झालेलं, एका हातात अर्धवट खाल्लेला पाव. तिनं त्याचं पोट चाचपलं, डोळे पाहिले आणि वर न बघता विचारलं, "किती पिता?"

"काय?"

"दारू."

"एक थेंब नाही."

"सगळे असंच म्हणतात."

"हिला विचारा ना," तो बायकोकडे वळला. आयुष्यभर त्यानं दारूला हात लावला नव्हता, आणि ते त्याला या अनोळखी पोरीसमोर बायकोकडून वदवून घ्यावं लागत होतं. "सांग की गं."

"खरंच पीत नाहीत," ती म्हणाली.

"दुसरं काही? कुणी दिलेलं औषध, पाला, भस्म?"

खाटेच्या लोखंडी कडेवर तिचा हात होता. सासूचं 'मुळीचं नाव काढू नकोस' कानात होतं. आता गप्प राहिलं तर घराची अब्रू झाकली जाईल. आणि हा माणूस? त्याच्या रक्तात काय आहे हे न कळता ते त्याला काय देतील? तिला एकदम आठवलं की निघायच्या घाईतही तिनं बाटलीत आजचा काढा भरून आणलाय. रोजच्या सवयीनं, हात आपोआप गेला म्हणून. पिशवीतच होता.

तिनं बाटली काढून खाटेवर ठेवली.

"हे. रोज. बऱ्याच दिवसांपासून."

डॉक्टरणीनं बूच काढून हुंगलं, बाटली उजेडाकडे धरली. "मुळी? किती टाकता?"

"एक मूठ."

"कुणाची मूठ?"

सुनेनं आपली मूठ वळून पुढे केली. "माझी. आणि निम्मं आटवायचे."

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं.

डॉक्टरीण ओरडली नाही, हे जास्त जड गेलं. ती पाव खिशात ठेवून खाटेच्या कडेला टेकली. "या मुळीत गुण नाही असं मी म्हणत नाही. चरबीवर, साखरेवर तपासणी चाललीय तिची. पण तिथे कस काढून, ठरलेल्या मापानं देतात. रक्त बघत बघत देतात, बिघडलं की थांबतात. तुमच्या पातेल्यात काय उतरलं ते मलाही सांगता येणार नाही, तुम्हालाही नाही. ह्यांच्या यकृतावर आधीच भार होता. त्यावर हे."

"मग आता औषध?"

"हे बंद, हेच औषध. बाकी आम्ही सांभाळायचं, आणि यकृत सावरतंय का त्याची वाट बघायची."

"आणि नाही सावरलं तर?"

डॉक्टरणीनं बाटलीचं बूच पुन्हा पुन्हा घट्ट केलं. "आधी वाट बघू," ती म्हणाली.

वाट बघितली. खाज कमी झाली, पण यकृत पुरतं सावरलं नाही. पोट पुन्हा वाढलं. या वेळी पाण्यानं. कातडी ताणून चकचकीत झाली, बेंबी बाहेर आली. सुईनं पाणी काढायचे, ते परत भरायचं. शेजारीण भेटायला आली आणि पोटाकडे बघून केळी ठेवून गेली. शेवटी खाट दुसऱ्याला हवी होती म्हणून घरी पाठवलं; अमुक गोळ्या, मीठ बंद, पुन्हा येत राहा.

घरी त्याला खिडकीपाशी झोपवलं. सासूनं तेव्हापासून चुलीला हात लावला नव्हता. स्वयंपाक सुनेनं करायचा. सासू उजवा हात पाठीमागे घेऊन कोपऱ्यात बसायची, आणि ठकीला भरवायची वेळ आली तरी डाव्या हातानं भरवायची. आई आणि मुलगा एकमेकांशी हवापाण्याचं बोलत. "गार वाटतंय का रे?" "नाही, ठीक." त्यापलीकडे जायला दोघंही धजत नव्हते. सुनेला तर तेवढंही जमत नव्हतं. ती त्याची पाठ पुसायची, कूस बदलायची, ओठ ओले करायची, आणि तो प्रत्येक वेळी म्हणायचा, "पुरे. तू बस जरा." ती बसत नसे. बसलं की त्याचे डोळे समोर येत.

अडत्या आला तेव्हा ती अंगणात कपडे वाळत घालत होती. या वेळी तो गाडीतून उतरला.

"बोलावणं आलंय," तो म्हणाला. "तुमचा सगळा माल द्या. चुरासुद्धा. यंदाच्या चुऱ्यातच कस जास्त आहे म्हणे. आता चुरा पण घेतात." मग खिडकीकडे पाहून आवाज उतरवला. "कळलं मला. वाईट झालं. पण ते तुम्ही आपल्या मनानं... जाऊ दे. फक्त कुठे बोलू नका एवढंच. गावाचंही पोट आहे."

"तुम्ही अजून घेता?" तिनं विचारलं.

अडत्यानं खिसा चाचपला आणि हात तसाच काढून घेतला. "मधे जरा थांबवलंय. पित्त होत होतं."

"मला नाही द्यायचा माल," ती म्हणाली.

"मग काय करणार? जाळणार?"

खिडकीतून नवऱ्याचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. "दे गं."

"अहो—"

"दे म्हणतो ना. सुया काय हवेवर मिळतात? ठकी काय खाणार? दे."

अडत्या संध्याकाळी गाडी पाठवतो म्हणून गेला. ती पोत्याजवळ बसली. शिवण उसवली, मुळी सुपात ओतली, ओलसर, बुरशी धरलेले तुकडे बाजूला काढायला लागली. चुऱ्याचं वेगळं फडकं केलं. बोटं परत पिवळी व्हायला लागली, आधी टोकं, मग पेरं. नाकात तोच वास. तिनं तोंडानं श्वास घेत काम चालू ठेवलं. आत तो जागा होता; त्याचा श्वास बाहेरपर्यंत ऐकू येत होता.

ठकी येऊन शेजारी उकिडवी बसली. एक तुकडा उचलायला गेली, तसा आईनं झटक्यानं तिचा हात धरला.

"नाही लावायचा हात."

"मग तू का लावतेस?"

"मला काम आहे."

ठकी हात मांड्यांमध्ये घालून बसून राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "हे कुठे जाणार?"

"शहरात."

"तिथे कोण खाणार?"

"ज्यांना बरं नाही ते. पोटात चरबी झालेले."

"बाबांसारखे?"

"हो."

"मग ते पण पिवळे होणार?"

"नाही गं," ती घाईनं म्हणाली. "तिथे मोजून देतात. यंत्र आहे, डॉक्टर आहेत. नीट मोजतात, बारीक बारीक, आणि मग देतात."

आतला श्वास ऐकू येईनासा झाला. तो ऐकत होता. कोपऱ्यातली सासूही ऐकत होती. ठकीनं आधी खिडकीकडे, मग आईच्या हातांकडे पाहिलं. तिला रागावायचं नव्हतं, भांडायचं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मग आई, आपण का नाही मोजलं?"